सासूबाईंचा गेमिंग कॉम्प्युटर

सासूबाईंचा उजवा गुडघा बहात्तर अंशांच्या पुढे वाकायला तयार नव्हता, म्हणून जावईबापूंना गेमिंग कॉम्प्युटर जोडावा लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं शेजारीपाजारी सगळ्यांनी विचारून झालंय. तो असा.

नवा गुडघा बसवून सहा आठवडे झाले होते आणि सासूबाई विश्रांतीसाठी लेकीकडे राहायला आल्या होत्या. महिन्याभरात गुडघा नव्वद अंश वाकला पाहिजे, नाहीतर भूल देऊन आम्ही वाकवू, असं डॉक्टर हसतहसत म्हणाले होते. सासूबाई पस्तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेल्या. काटकोनाचं महत्त्व त्यांना कोणी पटवायची गरज नव्हती. पण व्यायामाचा त्यांना मनापासून तिटकारा. "टाच मागे ओढा, टाच पुढे न्या. यातून सिद्ध काय होतं?" असं त्या रोज फिजिओथेरपीच्या मुलीला विचारायच्या.

ती मुलगी हुशार निघाली. तिच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कॉम्प्युटरला जोडलेलं एक स्टिअरिंग होतं, खाली पेडलं होती, आणि पेशंट नसले की ती त्याच्यावर ट्रक चालवण्याचा गेम खेळायची. एक दिवस तिने खुर्ची पुढे ओढून सासूबाईंना तिथे बसवलं. पंचवीस मिनिटांत सासूबाईंनी दोन पूल ओलांडले, एका फाटकाचा दांडा मोडला, आणि गुडघा दुखतोय असं एकदाही म्हणाल्या नाहीत.

"परवाना काढून मला एकतीस वर्षं झाली," घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं. "गाडीची किल्ली कधी कोणी हातात दिली नाही. आता मी ट्रक घेणार."

"ट्रक म्हणजे कॉम्प्युटर," जावईबापूंच्या बायकोने घाईघाईने खुलासा केला.

इथे जावईबापूंनी गप्प बसायला हवं होतं. बसले नाहीत. "तयार घेऊ नका, आई. तयारमध्ये फसवतात. मी सुटे भाग आणून जोडून देतो. त्यात काय!"

'त्यात काय' या दोन शब्दांनी मध्यमवर्गीय माणसाचं जेवढं नुकसान केलंय, तेवढं महागाईनेही केलेलं नाही. जावईबापू विमा कंपनीत कारकून. लोकांचे क्लेम का मंजूर होऊ शकत नाहीत, हे त्यांना नम्र भाषेत कळवणं हे त्यांचं काम. सहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यांनी चिमट्याने बाहेर काढला होता. तेव्हापासून ऑफिसात त्यांना 'टेक्निकल' म्हणत, आणि हळूहळू त्यांचाही त्याच्यावर विश्वास बसला होता.

सासूबाईंनी वही उघडून पानाच्या वर लिहिलं: 'पक्ष: माझ्या बचतीतले एवढे पैसे.' त्याखाली: 'साध्य: ट्रक न अडखळता चालणे.' आणि त्याखाली: 'सिद्धता: जावईबापू.'

"यापेक्षा वर जायचं नाही," त्या म्हणाल्या.

पुढचे चार दिवस जावईबापूंनी ऑफिसात, नामंजूर फायलींच्या आडोशाला, मोबाइलवर व्हिडिओ बघितले. प्रत्येक व्हिडिओतला माणूस ओरडून बोलायचा आणि आधीच्या व्हिडिओतल्या माणसाला मूर्ख म्हणायचा. सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, ती म्हणजे तुमच्या पैशात हे बसणार नाही. निम्मे पैसे एकटं ग्राफिक्स कार्डच गिळत होतं. उरलेल्या निम्म्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, डिस्क, पॉवर सप्लाय, पडदा, आणि हे सगळं ज्यात कोंबायचं तो डबा, म्हणजे कॅबिनेट, एवढं बसवायचं होतं. स्टिअरिंग आणि पेडलं फिजिओथेरपीवाली मुलगी तिची जुनी देणार होती, नाहीतर सासूबाईंना ट्रक तोंडाने आवाज काढत चालवावा लागला असता.

बातमी फुटायला एक दिवस लागला. पहिले आले स्टॅबिलायझरकाका. हे खालच्या मजल्यावर राहतात, वीज खात्यातून निवृत्त झालेत, आणि जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ व्होल्टेजमध्ये आहे असं त्यांचं ठाम मत आहे. सुनेच्या चिडचिडीलाही ते व्होल्टेजच जबाबदार धरतात.

"पॉवर सप्लायमध्ये कंजूषी करू नका," काका म्हणाले. "आमच्या साडूने केली होती."

"मग काय झालं?"

"झालं काही नाही. पण होऊ शकलं असतं!"

पॉवर सप्लाय एक पायरी वर गेला. मग समोरच्या दारातले दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या मते डबा काचेचा हवा आणि आत रंगीत दिवे हवेत, म्हणजे बसणाऱ्याला प्रसन्न वाटतं. बायको म्हणाली, डबा पांढरा घे, सोफ्याला शोभेल. संध्याकाळपर्यंत यादी एवढी वाढली की तेवढ्यात खराखुरा ट्रक, जुना का होईना, आला असता.

सासूबाईंनी लाल पेन काढलं. "रंगीत दिवे. प्रयोजन?"

"प्रसन्न वाटतं म्हणतात, आई."

"ट्रकचे दिवे बाहेरच्या बाजूला असतात," असं म्हणून त्यांनी दिव्यांवर काट मारली. मग काचेवर मारली. पांढऱ्या रंगावरही मारली. यादी परत माणसात आली, पण थोडीशी वर उरलीच. ती खाली आणायला जावईबापूंनी दोन युक्त्या केल्या. डबा एक माप लहान घेतला. आणि दुकानदाराने सुचवलेला स्वस्तातला प्रोसेसर घेतला.

"फक्त एक आहे," दुकानदार म्हणाला होता. "याच्यात चित्र दाखवायची सोय नाही. ते काम कार्डच करणार. जोडताना लक्षात ठेवा."

"हो हो, अर्थात," जावईबापू म्हणाले. न ऐकता हो म्हणायचा एक खास सूर असतो, त्या सुरात.

"बिल कोणाच्या नावाने करू?"

"आईंच्या नावाने करा."

दुकानदाराने मान डोलावून टंकलं, छापलं, शिक्का मारला. घडी घालून खिशात ठेवायच्या आधी माणसाने बिल एकदा वाचावं, असं जावईबापू आता भेटेल त्याला सांगतात.

सामान घरी आलं तेव्हा फाटकावरच्या वॉचमनने रजिस्टरमध्ये इमानदारीने नोंद केली: 'गेमिंगचं सामान, आठ खोकी.' दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीचे सेक्रेटरी नियमावली घेऊन दारात उभे.

"निवासी इमारतीत गेमिंग चालणार नाही," ते म्हणाले. "पत्त्यांचा क्लब काय, नि हे काय, एकच."

"अहो, घरातल्या घरात आहे."

"असंच म्हणतात सगळे. किती खुर्च्या टाकताय?"

"एक."

"आणि चालवणार कोण?"

"सासूबाई."

सेक्रेटरींनी पडद्याआडून आत डोकावून बघितलं. सासूबाई पाय स्टुलावर ठेवून पेपर वाचत होत्या. अशा भारदस्त बाई अड्डा चालवतात हे त्यांना पटत नव्हतं, पण काळ बदललाय हेही त्यांना माहीत होतं. शेवटी हमीपत्रावर मिटलं. 'सदर सदनिकेत केवळ सासूबाई खेळतील. बाहेरील व्यक्तींना खेळू दिले जाणार नाही. हार-जीत झाल्यास तिचे स्वरूप आर्थिक नसेल.' दोन प्रती. दोन्हींवर जावईबापूंची सही.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर जोडणी सुरू झाली. जावईबापूंनी बाह्या सरसावल्या. शर्ट अर्ध्या बाह्यांचा होता, तरी सरसावल्या. बघायला काका होते, दातांचे डॉक्टर होते, बायको होती, आणि अध्यक्षस्थानी सासूबाई. प्रोसेसर म्हणजे अडीच बोटं रुंदीचा चौकोन, त्याच्या पोटाखाली केसासारख्या बारीक सोनेरी पिना हजाराच्या वर. तो अलगद जागेवर बसला. त्याच्यावर पांढरी पेस्ट लावून कूलरचा पंखा बसला. मेमरी टक्कन बसली. जावईबापूंच्या चेहऱ्यावर, अहो हे तर काहीच नाही, असा भाव आला. तेवढ्यात ग्राफिक्स कार्ड डब्यात शिरेना. बरोबर एक बोट लांब होत होतं.

"लांबी मोजली नव्हती?" सासूबाईंनी विचारलं.

"कार्डची मोजली होती, आई."

"आणि डब्याची?"

"डब्याची पण मोजली होती. म्हणजे... बाहेरून."

"बाहेरून," सासूबाई म्हणाल्या. पस्तीस वर्षांत नापास केलेल्या सगळ्या पोरांचे चेहरे त्या एका शब्दात होते.

काका उठले, घरी गेले आणि लोखंड कापायची करवत घेऊन आले. डब्यात आत जुन्या पद्धतीच्या डिस्क ठेवायचा एक पत्र्याचा कप्पा होता, तो या कॉम्प्युटरला लागणारच नव्हता. आतलं सामान काढून तासभर तो कप्पा कापण्याचं काम चाललं. लोखंडाचा कीस फरशीवर, सोफ्यावर, डॉक्टरांच्या चहात. शेवटी कार्ड बसलं. बायको म्हणाली, "बरं झालं पांढरा घेतला नाहीस. ओरखडे दिसले असते." एवढ्या दिवसांतलं तिचं हे पहिलं सांत्वन.

सगळ्या वायरी जोडल्या. बटण दाबलं. पंखे गरगरले. काकांनी टाळी वाजवली. पडदा काळा झाला आणि त्याच्यावर दोनच शब्द उमटले: 'सिग्नल नाही.'

बंद केला, चालू केला. सिग्नल नाही. काका म्हणाले, व्होल्टेज. बायको म्हणाली, दुकानदाराला फोन कर. पण रविवारी दुकान बंद, आणि शिवाय आपण अडलो हे दुकानदाराला कळवायला जावईबापूंची जीभ रेटेना. डॉक्टरांनी आत टॉर्च मारला, बराच वेळ बघितलं आणि धंद्यातल्या गंभीर आवाजात म्हणाले, "मुळाशी काहीतरी आहे. काढून बघावं लागेल."

जावईबापूंनी कूलर धरला आणि ओढला. पेस्टने घट्ट धरलेलं. "हलवून हलवून ओढा," डॉक्टर म्हणाले, "एकदम नाही. हां, असं. आता जोर लावा." जोर लावला. खाडकन आवाज झाला आणि कूलर हातात आला.

"निघाला!" जावईबापू ओरडले.

"मुळासकट," डॉक्टर समाधानाने म्हणाले.

खरंच मुळासकट निघाला होता. प्रोसेसर कूलरच्या बुडाला चिकटून वर आला होता. सगळे तो वाकून बघत असताना सुटला आणि फरशीवर पडला. जाडजूड पाठीवर पडायला त्याला कोणी मनाई केली नव्हती. तो पिनांवर पडला.

सासूबाईंनी भिंग मागवलं. "सतरा वाकल्यात," त्या म्हणाल्या.

सोमवारी जावईबापू रजा काढून दुरुस्ती केंद्रात गेले. टोकन एकसष्ट. चालू होता नऊ. पावणेदोन तासांनी काउंटरवरच्या बाईंनी बिल हातात घेतलं, वाचलं, आणि चष्म्यावरून बघितलं.

"ग्राहकाचं नाव 'आई' असं आहे."

जावईबापूंनी बिल पहिल्यांदाच नीट वाचलं. ग्राहकाचं नाव: आई. "अहो, ते नाव नाही. नातं आहे."

"मग नाव वेगळं आहे?"

"अर्थातच वेगळं आहे!"

"मग हे बिल त्यांचं नाही."

"त्यांचंच आहे. त्या माझ्या सासूबाई आहेत."

"बिलावर आई लिहिलंय," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही म्हणताय सासू. आधी तुमचं आपसात काय ते ठरवा."

मागे टोकन बासष्ट हसला. 'आई' या नावाचं ओळखपत्र किंवा ही आई तीच आई असल्याचं प्रतिज्ञापत्र, दोन्हींपैकी काहीही चालेल, असं बाईंनी सांगितलं. मग त्यांनी प्रोसेसर उलटा केला, पिना बघितल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"तुमच्या विनंतीचा सहानुभूतीने विचार केला," त्या म्हणाल्या, "तथापि..."

हे वाक्य त्यांचं होतं. गेली वीस वर्षं दिवसाला दहा-अकरा पत्रांत ते स्वतः हे वाक्य लिहीत आले होते, अगदी स्वल्पविरामासकट. 'तथापि'च्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं, हे त्यांना आज कळलं. टोकन हातात तसंच राहतं.

हाताळणीतलं नुकसान हमीत बसत नाही, एवढंच बाई पुढे म्हणाल्या. जावईबापूंनी भांडण केलं नाही. "तुमचा 'तथापि' फार चांगला आहे," असं म्हणून ते निघाले. बाईंना वाटलं, माणूस धक्क्याने बिघडला.

घरी सासूबाई वाट बघत होत्या. गुडघ्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यातले नऊ दिवस उरले होते आणि गुडघा चौऱ्याहत्तरवर अडून बसला होता. नवा प्रोसेसर घ्यावा तर वहीत ठरलेल्या पैशांच्या बाहेर जावं लागणार. जावईबापू म्हणाले, मी माझ्या पैशांतून आणतो. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही काही आणू नका. तुम्ही आणलं की वाढतं. तो चौकोन इकडे द्या."

खिडकीपाशी टेबल ओढून त्या बसल्या. बारीक शिश्याची, मागे दाबायची एक पेन्सिल घेतली आणि तिच्यातलं शिसं काढून टाकलं. उरली ती टोकाची पोकळ नळी. ती नळी त्यांनी वाकलेल्या पिनेवर टोपीसारखी चढवली आणि पिन हळूच उभी केली. मग भिंगातून बघितलं. शेजारच्या ओळीशी समांतर नाही. आणखी केसभर. आता समांतर.

"एक," त्या म्हणाल्या.

जावईबापू शेजारी भिंग धरून बसले. श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडत होते. तीन तास लागले. कोपऱ्यातली अकरावी पिन इतकी आडवी झाली होती की नळी तिच्यावर चढेना; तिला आधी सुईने उचललं. ती मोडली असती तर सगळं संपलं असतं. मोडली नाही. सासूबाईंच्या कपाळावर घाम होता, आणि टेबलाच्या अगदी जवळ सरकून बसल्यामुळे दुखरा पाय खुर्चीखाली पार मागे गेला होता. तो किती वाकलाय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. जावईबापूंनी बघितलं, पण आयुष्यात एकदा तरी गप्प बसायचं त्यांना सुचलं.

"सतरा," सासूबाई म्हणाल्या आणि जाऊन आडव्या झाल्या.

जावईबापूंनी एकट्याने, दार लावून, सगळं पुन्हा जोडलं. बटण दाबलं. पंखे गरगरले. सिग्नल नाही.

ते टेबलामागे जमिनीवर बसले. रडावं की तसंच दुकानाकडे चालत सुटावं, याचा विचार करताना त्यांची नजर डब्याच्या पाठीकडे गेली. पडद्याची केबल वरच्या भोकात घातलेली होती, मदरबोर्डच्या. खाली, ग्राफिक्स कार्डाच्या बुडाशी, अगदी तसंच दुसरं भोक होतं. रिकामं. 'चित्र दाखवायची सोय नाही. ते काम कार्डच करणार,' असं दुकानदार कानाशी बसून सांगावं तसं ऐकू आलं.

त्यांनी केबल काढली आणि खालच्या भोकात घातली. पडदा उजळला.

म्हणजे प्रोसेसरला पहिल्यापासून काहीच झालं नव्हतं. तो उपटण्याचं कारण नव्हतं. टोकन एकसष्टचं कारण नव्हतं. सतरा पिना, तीन तास, सासूबाईंच्या कपाळावरचा घाम, सगळं एका भोकाच्या चुकीने. जावईबापूंनी सभोवार बघितलं. कोणी नव्हतं. मग त्यांनी दार उघडलं आणि "झाला!" असं ओरडले.

सगळे धावत आले. काका म्हणाले, आज व्होल्टेज स्थिर आहे. डॉक्टर म्हणाले, काढून परत बसवण्याचा हा फायदा असतो. आणि सासूबाईंनी त्या आठवड्यात ओळखीच्या प्रत्येक माणसाला फोन करून सांगितलं, "जोडला जावईबापूंनी. पण पिना मी सरळ केल्या. सतराच्या सतरा." दर वेळी ते कौतुक ऐकून जावईबापू उगाच उठून डब्यामागची केबल तपासून यायचे.

नवव्या दिवशी गुडघ्याच्या डॉक्टरांनी गुडघा मोजला. त्र्याण्णव अंश. सासूबाईंनी पिशवीतून स्वतःचा कोनमापक काढून पडताळून बघितलं, ब्याण्णव म्हणाल्या, आणि एका अंशावरून तिथेच वाद घातला. भूल द्यायचा विषय संपला.

त्या दुपारी बायको कामावर होती. सासूबाई चाळीस टन खिडकीच्या काचा घेऊन डोंगरातल्या रस्त्याने निघाल्या होत्या. जावईबापू शेजारच्या खुर्चीत बसले.

"आई, एक सांगायचं होतं."

"गाडी चालवणाऱ्याशी बोलू नये," सासूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या.

दोन बोगदे, एक वळणाचा घाट आणि बराच मोठा पूल झाला. गोदामाच्या आवारात ट्रक थांबला, तेव्हा सासूबाईंनी ब्रेक दाबून ठेवला आणि म्हणाल्या, "हं. आता सांगा."

जावईबापूंनी सगळं सांगितलं. केबल, भोक, दुकानदार, न ऐकता म्हटलेलं हो. इंजिन नुसतं घुरघुरत होतं.

"म्हणजे मी सरळ केल्या त्या पिना..."

"वाकायचं कारणच नव्हतं, आई."

सासूबाईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. "हे आणखी कोणाला सांगितलंत?"

"नाही."

"लेकीला?"

"नाही."

"मग सांगू नका," त्या म्हणाल्या. "पिनांची गोष्ट मी चाळीस लोकांना सांगून बसले आहे. माझ्या मुख्याध्यापिका रडल्या फोनवर." मग स्टिअरिंग नीट धरून त्यांनी रिव्हर्स गिअर टाकला. "आता उठा. मागे लक्ष ठेवा. मला गोदामात ट्रेलर घालायचाय."

जावईबापू उठले आणि खुर्चीच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांच्या मागे सोफा होता, तरी त्यांनी वळून एकदा बघून घेतलं. "येऊ द्या," ते म्हणाले. "येऊ द्या, येऊ द्या. डावीकडे घ्या. सरळ. येऊ द्या... बास, बास, बास!"

चाळीस टन काचांचा आवाज झाला.

"तुम्ही 'बास' उशिरा म्हणालात," सासूबाई म्हणाल्या.

"हो आई," जावईबापू म्हणाले, "मीच उशिरा म्हणालो."